नव्या टॅबलेटचा पहिला महिना: दोष आणि उपाय

मुलीच्या अभ्यासासाठी गेल्या महिन्यात नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरील एका दुकानातून १०.१ इंची टॅबलेट घेतला. स्क्रीनवरची अक्षरे ठसठशीत दिसतात, आवाजही स्वच्छ आहे. मात्र चार्जिंग सुरू असताना बोट न लावताच बटणे आपोआप दाबली जाऊ लागली, आणि सराव परीक्षेत तिची बरोबर उत्तरे बदलली गेली तेव्हा फार वाईट वाटले. केबल काढताच हा प्रकार थांबत असे, त्यावरून दोष स्क्रीनमध्ये नसून चार्जरमध्ये असल्याचे ध्यानात आले. टचस्क्रीन बोटामुळे होणारा विद्युतधारितेतील, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतील, सूक्ष्म बदल ओळखते. निकृष्ट चार्जरमधून येणारा विद्युत व्यत्यय त्यात मिसळला, की तिला नसलेला स्पर्श जाणवतो. घरातला दुसरा, चांगल्या प्रतीचा चार्जर लावल्यावर त्रास पूर्णपणे गेला. दुकानदाराने मूळ चार्जर बदलून दिला, पण त्यासाठी तीन खेपा घालायला लावल्या, हे मला अजिबात पटले नाही.

चार्जिंग अधूनमधून तुटत असेल, तर टॅबलेट बंद करून टाइप-सी पोर्टमधील धूळ कोरड्या लाकडी काडीने हलकेच काढावी. टाचणी कधीही घालू नये, कारण आतील नाजूक पट्टी वाकू शकते. स्क्रीनच्या कडेने झिरपणारा प्रकाश किंवा कायमचा काळा ठिपका मात्र घरी दुरुस्त होत नाही, म्हणून खरेदीच्याच दिवशी अंधाऱ्या खोलीत आधी पूर्ण काळे आणि मग पूर्ण पांढरे चित्र लावून स्क्रीन तपासावी.