पुण्यातली पॉलिटीची वीकेंड बॅच: केंद्र-राज्य संबंधांसाठी एकदम भारी, फायनान्समध्ये कमी पडते

एमपीएससीच्या राज्यसेवेची मेन्स डिस्क्रिप्टिव्ह (म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायची) झाल्यापासून पॉलिटीला, म्हणजे राज्यघटना आणि राज्यव्यवस्थेच्या विषयाला, कुठला क्लास लावू असं बरेच जण विचारतायत म्हणून सविस्तर लिहितोय. बॅच सदाशिव पेठेतली आहे, छोटी आहे, नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सर गाईड उघडूच देत नाहीत, पहिल्याच लेक्चरला घटनेच्या सातव्या अनुसूचीची (कुठल्या विषयावर केंद्राने कायदा करायचा, कुठल्या राज्याने आणि कुठल्या दोघांनीही, याच्या याद्या) झेरॉक्स हातात देतात आणि रोजच्यातली एखादी वस्तू घेऊन ती संघसूची, राज्यसूची, समवर्ती सूची यात कुठे कुठे सापडते ते आपल्यालाच शोधायला लावतात. कांद्यावर तर अख्खं लेक्चर झालं. शेती राज्यसूचीत, नोंद १४, बाजार समित्यासुद्धा राज्याच्याच कायद्याखाली, म्हणजे लासलगावचा लिलाव मुंबईच्या अखत्यारीतला विषय, पण तोच कांदा कंटेनरमध्ये भरून दुबईला पाठवायचा म्हटलं की संघसूचीची नोंद ४१ येते आणि तिथे राज्य सरकारचं काहीच चालत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी लावली ती मे २०२४ मध्ये उठवली. मी निफाडकडचा, आमच्याकडे त्या काळात लोक आमदाराला जाब विचारत होते आणि निर्णय मात्र दिल्लीतून व्हायचा होता, हे असं सूची समोर ठेवून बघितल्यावर डोक्यात पक्कं बसलं.

समवर्ती सूची पण अशीच शिकवली. फौजदारी कायदा दोघांनाही करता येतो, भांडण झालं तर कलम २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा वरचढ, पण राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या राज्यापुरता राज्याचा चालतो (नंतर संसद तोही बदलू शकते, हे विसरू नका). १९९९ च्या मकोकाला (संघटित गुन्हेगारीविरोधातला महाराष्ट्राचा कायदा) संमती मिळाली, डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एकमताने पास केलेल्या शक्ती विधेयकाला (महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षेचं) मिळाली नाही. ही जोडी उत्तरात लिहिली की कलमाचा नंबर वेगळा पाठ करायची गरजच राहत नाही. आणि स्टेशनवर मोबाईल चोरीला गेला तर एफआयआर लोहमार्ग पोलिसांकडे का, आरपीएफकडे (रेल्वेचं केंद्रीय सुरक्षा दल) का नाही, तर रेल्वे केंद्राची असली तरी रेल्वे पोलीस राज्यसूचीच्या नोंद २ मध्ये आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वनं वगैरे पाच विषय राज्याकडून समवर्तीत गेले, तेही झालं पण पटकन.

आता तक्रार. पैशाचा भाग गुंडाळला. आणि माझ्या मते खरी सत्ता तिथेच आहे, कागदावर विषय राज्याचा असला तरी तिजोरीत काही नसेल तर करणार काय! पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना केंद्राच्या करांतला ४१ टक्के वाटा दिला एवढं सांगून पुढे गेले, पण सेस आणि सरचार्ज (करावर लावलेले जादा आकार) त्या वाटपात धरतच नाहीत, म्हणजे केंद्राने कर वाढवण्याऐवजी सेस वाढवला की राज्याला त्यातलं काही मिळत नाही, हे सांगायलाच हवं होतं. जीएसटी कौन्सिलचंही (जीएसटीबद्दल ठरवणारी केंद्र आणि राज्यांची परिषद) तसंच. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतं, त्यामुळे सगळी राज्यं एका बाजूला झाली तरी केंद्राशिवाय काही पास होत नाही, पण केंद्रालाही बऱ्याच राज्यांना सोबत घ्यावंच लागतं. मी हे विचारलं तर उत्तर आलं, नोट्समध्ये आहे. नोट्समध्ये फक्त कलम २७९अ ची भाषा उतरवलीये. एवढी फी घेतल्यावर हे चालत नाही.

बाकी हॉलमध्ये पंखे कमी, मागच्या बाकावर आवाज नीट येत नाही, पण पेपर मनापासून तपासतात, माझ्या बोम्मई खटल्याच्या (राज्य सरकार बरखास्त करण्यावरचा सुप्रीम कोर्टाचा खटला) उत्तरावर समासात लाल पेनने अर्धं पान लिहून दिलं होतं आणि राष्ट्रपती राजवटीवर कोर्टाने नक्की काय बंधनं घातली ते मला त्यातूनच कळलं.

पाचपैकी चार. मराठी माध्यमवाल्यांनी बिनधास्त लावा, फक्त वित्त आयोग आणि जीएसटी स्वतः वेगळं करा, आणि डेमोला बसणार असाल तर सूच्यांच्या लेक्चरलाच बसा.