बीपी मशीनवर लुकलुकणारं ते हृदय

यांच्यासाठी मार्चमध्ये सीताबर्डीहून दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल बीपी मशीन आणलं, 2,100 रुपयांना. एप्रिलअखेर आकड्यांच्या बाजूला एक बारीकसं हृदयाचं चिन्ह लुकलुकायला लागलं. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "काकू, हात हलला की येते ते, लक्ष नका देऊ." आठवडाभर मी खरंच लक्ष दिलं नाही. त्याची चुटपुट अजून जात नाही.

मग भिंग घेऊन माहितीपुस्तिका वाचली. मराठीत एक ओळ नाही, याचा मला राग आला. ही मशीनं म्हाताऱ्यांच्याच घरी जातात ना? चिन्हाचा अर्थ, ठोके अनियमित. हात हलला किंवा मध्येच बोललं तरी ते येतं, हे खरं. म्हणून यांना पाच मिनिटं शांत बसवून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चिन्ह. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली: 104, आणि ताल नाहीच. दोन ठोके लगोलग, मग मोठी फट. हे म्हणत होते, "मला काहीच होऊन नाही राहिलं."

धंतोलीतल्या डॉक्टरांकडे ईसीजी काढला, तो नॉर्मल. पण नाडी-बीपीचे आकडे लिहिलेली माझी वही पाहून त्यांनी 24 तासांचं होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं यंत्र लावलं. छातीला चिकटपट्ट्या, कमरेला डबी, आंघोळ बंद. मे महिन्यातल्या नागपुरात घामाने पट्ट्या सुटू नयेत म्हणून यांना कूलरसमोरून हलू दिलं नाही. रिपोर्टमध्ये एट्रियल फिब्रिलेशन निघालं. पहाटे तीनला, गाढ झोपेत.

डॉक्टरांनी समजावलं: हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका जवळपास पाचपट वाढतो. यांचं वय 71, त्यात बीपी, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. ती मनाने बंद करायची नाही, असं दोनदा बजावलं. जागरणाने किंवा जास्त चहाने एखादा ठोका चुकणं पुष्कळांना होतं, बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं, हेही तेव्हाच कळलं.

तर मशीनबद्दल: जरूर घ्या, पण पट्टा दंडाच्या मापाचा बघूनच. ते रोगाचं नाव सांगत नाही, ईसीजीची जागाही घेत नाही. ठोके अनियमित असताना बीपीचे आकडेही वरखाली होतात, म्हणून मी तीनदा मोजून सरासरी लिहिते. चिन्ह परत परत आलं तर तारीख-वेळ टिपा आणि डॉक्टरांना दाखवा, दुकानदाराला नव्हे.

आणि छातीत दुखणं, दम लागणं, भोवळ येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काही झालं तर पट्टा बांधत बसू नका. 108 हा नंबर मी मशीनच्या डब्यावरच जाड पेनाने लिहून ठेवलाय.