पहिल्या मराठी साइटसाठी वर्डप्रेस थीम: तीन पर्याय शेजारी ठेवून

डेमो साइटवरचे मोठे फोटो, तीन शब्दांची इंग्रजी शीर्षकं आणि फोटोंभोवतीची मोकळी जागा वजा करा. मग उरते ती थीम, म्हणजे वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये साइटचं रूप आणि मांडणी ठरवणारा साचा. नवख्या माणसाने दोन गोष्टी पाहाव्यात: आपला मराठी मजकूर तिच्यात नीट बसतो का, आणि दोन वर्षांनी थीम बदलली तर लिहिलेल्यातलं किती हाती राहील.

दवाखाना, क्लास, गृहउद्योग यांची आठ-दहा पानांची साइट किंवा साधा ब्लॉग धरून इथे तीन पर्याय पाहू: वर्डप्रेससोबतच येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह ही ब्लॉक थीम (जिच्यात पानाचा प्रत्येक भाग ब्लॉक हलवून रचता येतो), ॲस्ट्रा किंवा जनरेटप्रेससारखी हलकी थीम (ॲस्ट्रा पुण्यातल्या कंपनीची आहे), आणि थीमफॉरेस्ट या थीमच्या ऑनलाइन बाजारातून विकत घेतलेली थीम. पहिली पूर्ण मोफत. दुसरीची मोफत आवृत्ती एवढ्या साइटला पुरते. तिसरीचे पैसे एकदाच द्यायचे. अपडेट पुढेही मिळतात, मदत मात्र मूळ किमतीत ६ महिनेच.

बदल कुठे करायचे

ब्लॉक थीम लावली की अपिअरन्स मेनूमधला कस्टमायझर (रंग, फाँट, मांडणी बदलायचा पडदा) दिसेनासा होतो आणि तिथे ‘एडिटर’ येतो. हेडर, फूटर, लेखाचं पान, सगळं तिथेच ब्लॉक हलवून बदलायचं. इथे एक घोटाळा हमखास होतो: एका लेखाचं शीर्षक लहान करायला जातो आणि टेम्प्लेट (सगळ्या लेखांचा सामाईक साचा) बदलल्यामुळे सगळ्याच लेखांचं लहान होतं. सेव्ह करण्याआधी वरच्या पट्टीत पानाचं नाव आहे की टेम्प्लेटचं, ते पाहा. हे बदल डेटाबेसमध्ये साठतात, त्यामुळे थीम अपडेट झाली तरी पुसले जात नाहीत.

ॲस्ट्रामध्ये कस्टमायझर शाबूत असतो. डावीकडे पर्याय, उजवीकडे साइट. पहिल्या आठवड्यात हेच सोपं वाटतं आणि शिकवणारे व्हिडिओही भरपूर आहेत. तयार डेमो घेताना बिल्डर, म्हणजे पानं रचायचं साधन, कोणता हवा ते विचारलं जातं, तिथे ब्लॉक एडिटरच निवडा. एलिमेंटर निवडलात तर पानांची मांडणी त्या प्लगिनला बांधली जाते. थीमच्या फायलींत थेट कोड घालू नका. पुढच्या अपडेटला तो जातो. गरजच पडली तर चाइल्ड थीम (मूळ थीमवर बसणारी, फक्त आपले बदल ठेवायची थीम) वापरा.

विकतची थीम कुठे अडते

पहिली अडचण बसवतानाच येते. झिप चढवली की ‘स्टाइल डॉट सीएसएस सापडत नाही’ असा संदेश दिसतो. थीम बिघडलेली नसते. माहितीपत्रकासकट सगळी झिप चढवलेली असते. डाउनलोड करताना फक्त वर्डप्रेसवर बसवायची फाइल निवडायची. मग डेमो आयात करताना काम अर्ध्यावर थांबतं, कारण होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या सर्व्हरवर) पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची, वेळमर्यादा बऱ्याचदा ३० सेकंदच असते. ती ३०० सेकंद आणि मेमरी २५६ एमबी करून द्यायला होस्टिंगवाल्यांना सांगा.

खरी किंमत मात्र नंतर मोजावी लागते. यातल्या बऱ्याच थीम डब्ल्यूपीबेकरी या बिल्डरवर चालतात. तो बंद केला की पानभर चौकटी कंसातले कोड उरतात आणि मजकूर त्यांतून हाताने वेचावा लागतो. सोबत मिळालेल्या बिल्डरची आणि स्लायडरची (सरकत्या फोटोंच्या प्लगिनची) स्वतंत्र परवाना-किल्ली तुमच्याकडे नसते. त्यांची अपडेट थीमकर्त्याकडूनच येतात. त्याने काम थांबवलं तर सुरक्षेची भोकं तशीच राहतात. हीच थीम कुठे फुकट मिळत असेल तर तिला हातही लावू नका. अशा फोडलेल्या झिपमध्ये अनेकदा घातक कोड दडवलेला असतो.

देवनागरी कशी दिसते

ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हचा मूळ फाँट मॅनरोप आहे आणि त्यात देवनागरी नाही. मराठी मजकूर मग वाचकाच्या फोन-संगणकातल्या फाँटात उमटतो, म्हणजे प्रत्येकाकडे वेगळा. एडिटरच्या स्टाइल्समध्ये टायपोग्राफीत जाऊन फाँट लायब्ररीतून (वर्डप्रेस ६.५ पासून आहे) मुक्ता किंवा हिंद बसवा. फक्त ४०० (साधं) आणि ७०० (ठळक) ही दोन वजनं घ्या. जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या फायली लॅटिनपेक्षा मोठ्या असतात. ॲस्ट्रात हेच कस्टमायझरच्या टायपोग्राफीत होतं. बिल्डरच्या थीममध्ये अनेकदा शीर्षकांना पानापानावर वेगळा फाँट दिलेला असतो, तो एकेक करून बदलावा लागतो.

इंग्रजीसाठी आखलेल्या शीर्षकांची ओळउंची बहुतेकदा १.१ ते १.२ असते. त्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.७ ठेवा. मेनू आणि बटणांवर अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते. ते शून्य करा.

कोणी काय घ्यावं

मुख्यतः लिहिणार असाल तर ब्लॉक थीम घ्या. शिकायला पंधरवडा जास्त लागेल, पण पुढे कोणत्याही बिल्डरवर अवलंबून राहावं लागणार नाही. येत्या आठवड्यात साइट उभी करायचीच असेल तर ॲस्ट्रा किंवा जनरेटप्रेस. विकतची थीम एखादी ठरावीक सोय, म्हणजे हॉटेलची खोली-नोंदणी वगैरे, तिच्यातच मिळत असेल तरच, आणि शेवटच्या अपडेटची तारीख पाहूनच.

मोफत थीम होस्टिंग घेण्याआधीच तपासता येते. वर्डप्रेस प्लेग्राउंड (ब्राउझरमध्येच चालणारं चाचणीचं वर्डप्रेस) उघडा, थीम लावा आणि नव्या पानावर हे शीर्षक टाका: ‘ॲडव्होकेट विठ्ठल पुऱ्हे यांचे कीर्तन-व्यवस्थापन कार्यालय’. खिडकी फोनएवढी अरुंद करा. ॲ-च्या जागी चौकोन आला, ऱ्ह-चा अर्धा र फाटला किंवा रफार वरच्या ओळीत घुसला, तर फाँट आणि ओळउंची बदलून पुन्हा पाहा. तरीही नीट दिसत नसेल तर ती थीम सोडा. विकतच्या थीमची अशी चाचणी घेता येत नाही. तिच्या डेमोचा पत्ता पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साइटवर टाका आणि मोबाइलचा निकाल पाहा. मुख्य भाग दिसायला २.५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर स्वस्त होस्टिंगवर तुमची साइट त्याहून वेगवान होईल अशी आशा धरू नका.