नावाहो घराण्यांचा शोध पुण्यातून : अमेरिकेचे १९५० जनगणना संकेतस्थळ कितपत कामाचे?

पुण्यात मानवशास्त्र शिकणारा विद्यार्थी किंवा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर मराठीत लिहिणारा कुणी नावाहो या तिथल्या आदिवासी जमातीतल्या घराण्याची वंशावळ लावायला बसला, की आधी वर्गणी भरायच्या संकेतस्थळांकडे वळतो. त्याआधी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे १९५० जनगणनेचे संकेतस्थळ उघडा. ते फुकट आहे, खाते काढावे लागत नाही आणि मूळ पानाची प्रतिमा उतरवून घेता येते. तिथली नावनिशीवार जनगणना ७२ वर्षे बंद ठेवतात. म्हणून ही पाने १ एप्रिल २०२२ला खुली झाली. १९६०ची पाने २०३२मध्ये येतील.

या संग्रहातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे आदिवासींच्या राखीव प्रदेशांसाठी वापरलेला पी-८ हा वेगळा फॉर्म. माणसाला आणखी कोणत्या नावाने ओळखतात, जमात कोणती, आदिवासी रक्ताचे प्रमाण किती, इंग्रजी लिहिता-बोलता येते का, १९४९मध्ये पारंपरिक विधींना हजर होता का, असे प्रश्न त्यात आहेत. एकाच माणसाची दोन नावे सरकारी कागदावर शेजारी-शेजारी मिळणे ही नावाहो शोधात फार मोठी गोष्ट आहे.

नावावरून शोध मात्र कच्चा आहे. हस्ताक्षर यंत्राने वाचलेले असल्यामुळे अक्षरे चुकतात. शिवाय नेहमीच्या फॉर्मवर आडनाव कुटुंबप्रमुखापुढे एकदाच लिहून खाली नुसती रेघ ओढलेली असते, त्यामुळे बायको-मुलांची पूर्ण नावे टाकून हाती काही लागत नाही. त्यात बेगे, याझी, त्सोसी ही आडनावे इतकी पसरलेली की निकालांचा ढीग पडतो. शाळेत किंवा कचेरीत जो तो आपल्या सोयीने नाव लिहीत असल्याने सख्ख्या भावांचीही आडनावे वेगळी निघतात.

म्हणून शोध गावावरून करा. आधी राज्य आणि काउंटी (म्हणजे जिल्हा) निवडा : ॲरिझोनात अपाचे, नावाहो, कोकोनिनो; न्यू मेक्सिकोत सान हुआन, मॅकिन्ली; युटात सान हुआन. या यादीत सान हुआन दोन राज्यांत आहे, तिथे हमखास गफलत होते. नावाहो काउंटी म्हणजे नावाहो प्रदेश असेही धरू नका. तो प्रदेश तीन राज्यांत पसरलेला आहे. मग राखीव प्रदेशाच्या फॉर्मची चाळणी लावा, गणना-विभागाचा (एका गणकाच्या वाट्याच्या भागाचा) नकाशा पाहून विभाग क्रमांक काढा आणि त्या विभागाची पाने एकेक करून वाचा. वेळ जातो, पण माणूस सापडतो तो असाच.

१९५०च्या मागे जायचे तर १८८५ ते १९४०च्या इंडियन सेन्सस रोल्स, म्हणजे आदिवासींच्या जनगणना-याद्या, पाहाव्या लागतात. एम-५९५ या क्रमांकाखाली त्यांची ६९२ मायक्रोफिल्म रिळे आहेत. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खाते काढून त्यांचा शोध घेता येतो. १९३५मध्ये नावाहोंचा सगळा सरकारी कारभार ॲरिझोनातल्या विंडो रॉकला एकत्र झाला. त्याआधीच्या याद्या नॉर्दर्न, सदर्न, ईस्टर्न, वेस्टर्न आणि लूप अशा वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या नावाने आहेत. एकीत कुटुंब नाही म्हणून थांबू नका, शेजारच्या कचेरीची यादीही काढा. यादीतला अनुक्रमांक आणि माणसाचा सेन्सस क्रमांक यांत गल्लत करू नका. अनुक्रमांक दर यादीत बदलतो. सेन्सस क्रमांक मिळाला की लगेच टिपून ठेवा, आडनाव बदलले तरी माणूस त्यावरून पटतो.

डॉज रोल्स (Dawes Rolls) या जुन्या नोंदणी-याद्यांचे नाव जिकडेतिकडे दिसते. त्या चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच जमातींच्या आहेत. नावाहो माणूस तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

वंशावळीचा तक्ता आखताना आपली बापाकडून उतरत जाणारी पद्धत बाजूला ठेवावी लागते. नावाहो मूल आईच्या कुळाचे. बापाचे कूळ दुसरे, मग आईच्या वडिलांचे आणि वडिलांच्या वडिलांचे, अशी चार कुळे सांगून माणूस ओळख देतो. देवक जुळले की सोयरीक नाही, तसेच तिथेही आईच्या किंवा बापाच्या कुळात लग्न करत नाहीत. सरकारी याद्या मात्र कुटुंबप्रमुख पुरुषाखाली लावलेल्या आहेत. म्हणून प्रत्येक नोंदीत आईचे नाव, वय आणि शेजारची घरे यांचा वेगळा रकाना करा. आजी किंवा मावशी अनेकदा लागूनच्या ओळीत असते.

पाच तारे द्यावेत असा संग्रह, शोधयंत्राला तीनच. पुढचे कागद, म्हणजे कचेऱ्यांचा पत्रव्यवहार आणि शाळांच्या नोंदी, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या रेकॉर्ड ग्रुप ७५मध्ये, म्हणजे आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या कागदांत, आहेत. ॲरिझोनाच्या बाजूचे अभिलेखागाराच्या कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या शाखेत विचारा, न्यू मेक्सिकोचे डेन्व्हरच्या. ईमेलमध्ये कचेरीचे नाव, वर्षे, सगळी पर्यायी नावे आणि सेन्सस क्रमांक द्या. उन्हाळ्यात रिव्हरसाइडला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, फोन करायचा तर तेव्हाच करा.