"मागचा ॲक्सल नवीन टाकलाय" ऐकून खूश झालो, आणि फसलो

मिशिगनला असतो. कॅम्पर ओढायला जुनी हेवी ड्युटी पिकअप बघत होतो, ऑक्टोबरमध्ये एकाकडे २००६ ची फोर्ड एफ-२५० फोर बाय फोर मिळाली, साडेनऊ हजार डॉलर, डीलर वगैरे नाही, घरासमोरच उभी होती. माणूस बोलायला एकदम गोड. म्हणे मागचा ॲक्सल गेल्याच वर्षी बदललाय, आता बघायलाच नको. मी पण वाकून बघितलं, मागे तो भलामोठा १०.५ इंची फुल फ्लोटिंग (जड गाड्यांचा दणकट प्रकार) ॲक्सल, पुढे डाना ६० (तोही दणकट ॲक्सल), गंज कमी, म्हटलं चला. टेस्ट ड्राइव्हला फोर बाय फोर टाकली, डॅशबोर्डवर लाइट लागला, गाडी मस्त चालली. 'ॲज इज' (आहे तशी घेतली, नंतर तक्रार नाही) वर सही करून घरी.

डिसेंबरमध्ये बर्फ पडला. लाइट लागतोय पण पुढची चाकं ओढेनात. या गाडीत पुढचे हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे किंवा सोडणारे भाग) व्हॅक्यूमवर लॉक होतात, नाहीच झाले तर चाकावरची नॉब हाताने फिरवता येते, ती फिरवली. निघालो तर स्टिअरिंग थरथरतंय, खालून कटकट, जणू ब्रेक दाबून चालवतोय. कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये वळताना गाडी अडते हे माहीत होतं, म्हणून वाटलं रस्ता साफ केलाय त्यामुळे असेल. पण ही सरळ जाताना पण अडत होती, आणि मी शहाणा तसाच मैलभर गेलो. मग खालून धाडकन आवाज.

मेकॅनिकने मागचं एक चाक जॅकवर उचललं, टायरवर आणि शाफ्टवर (ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा) खडूने रेघ मारली, चाक हाताने दोनदा फिरवलं (एकच चाक वर असलं की त्याच्या दोन फेऱ्या म्हणजे दोन्ही चाकांची एक). शाफ्टच्या चार फेऱ्या होऊन वर थोडंसं. पुढे तेच केलं तर पावणेचार पण भरेनात. म्हणजे चाकांच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या, तो रेशो मागे ४.१०, पुढे ३.७३! म्हणजे पुढची चाकं मागच्यांपेक्षा जवळपास दहा टक्के जास्त पळायला बघणार आणि मध्ये मरणार ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी). तिची चेन तुटली होती. कंपनीतून गाडी ३.७३ चीच, ते ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरमधल्या ॲक्सल कोडवरून कळलं. विकणाऱ्याने भंगारातला ॲक्सल उचलला, मापाला बसला, लावला.

चुकून झालं असेल म्हटलं असतं, पण बॉनेटखाली व्हॅक्यूमची नळी काढलेली आणि तिच्या टोकात एक बोल्ट घुसवून वर क्लॅम्प आवळलेला. लाइट लागावा पण हब लॉक होऊ नयेत आणि टेस्ट ड्राइव्हला हा घोळ कळू नये, एवढ्यासाठी.

तेव्हा कोणी घेत असाल तर नुसता ॲक्सल किती जाड ते बघू नका. डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या गोल गिअरपेटीच्या) कव्हरच्या बोल्टला पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर रेशो ठोकलेला असतो, पुढची मागची दोन्ही वाचा (मध्ये एल असेल तर लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा प्रकार). माझ्या मागच्या पट्टीवर गंज होता, वायर ब्रश दोनदा मारला तर ४ १० स्वच्छ दिसलं. ब्रश ऑक्टोबरमध्ये पण माझ्याकडे होता. आणि हब हाताने लॉक करून गाडी खडीवर किंवा गवतावर चालवून बघा.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे तू चालवून बघितलीस ना. नंतर उचललाच नाही. ट्रान्सफर केस आणि मागचं क्राऊन-पिनियन (रेशो ठरवणारे दोन गिअर) मिळून ३,४०० सांगितलेत. सध्या पुढचा शाफ्ट काढून ठेवलाय, बर्फ पडला की बायकोची छोटी गाडी नेतो.