पॉलिस्टर की नायलॉन? स्टॅटिक दोर घेण्याआधी

चढाईत आधी काही वर्षं मी नायलॉनचा स्टॅटिक, म्हणजे कमी ताणणारा, दोर वापरला, आता पॉलिस्टरचा वापरतो. लीडसाठी, म्हणजे दोर खालून सोबत नेत पुढे चढण्यासाठी, दोन्ही बाद; त्यामुळे इथे विचार फक्त जुमारिंग (दोराला पकड लावून त्यावरून वर चढणं), रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं) आणि फिक्स, म्हणजे बांधून ठेवलेल्या, दोराचा.

माझा निर्णय झाला तो जुमारिंगमुळे. लांब नायलॉन दोरावर तळातून वजन टाकलं की पहिली काही पावलं दोर ताणण्यातच जातात. ईएन 1891 या स्टॅटिक दोरांच्या युरोपीय मानकात 50 वरून 150 किलोवर भार नेल्यावर 5 टक्क्यांपर्यंत लांबणं चालतं. 60 मीटरला ते 3 मीटर होतात. याचीही सवय झाली असती. पण एकदा अँकर काठापासून बराच मागे, झाडाला बांधलेला होता. प्रत्येक पावलागणिक दोर काठावर पुढेमागे घासत होता. वर पोहोचलो तेव्हा एज प्रोटेक्टर (दोर काठावर घासू नये म्हणून खाली ठेवलेलं आवरण) सरकलेला आणि त्या जागी शीथला, म्हणजे दोराच्या बाहेरच्या विणीला, लव आलेली. ती बघून पोटात गोळा आला. पॉलिस्टरवर हे हेलकावे मला स्पष्ट कमी जाणवतात. मोजून पाहिलेलं नाही, पण पायांना फरक कळतो.

पावसात तर फरक आणखी वाढतो. नायलॉन पाणी पितो, जड होतो, जास्त ताणतो, ताकदही थोडी गमावतो आणि वाळल्यावर आखडतो. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही. उन्हातही तो जास्त टिकतो.

नायलॉनची बाजू लंगडी आहे असं नाही. तो वजनाला हलका, आणि चुकून ढिल्या दोरावर छोटा फॉल झालाच तर हिसका बराच पोटात घेतो. पॉलिस्टर तो हिसका अंगावर आणि खडकात ठोकलेल्या बोल्टवर पाठवतो. सोबत नवखे असतील, दोर ढिला राहण्याची शक्यता असेल, तर नायलॉन घेणाऱ्याला मी अडवणार नाही. रसायनांचं म्हणाल तर नायलॉनला आम्ल बाधतं, पॉलिस्टरला तीव्र अल्कली. बॅटरीजवळ दोर ठेवू नका, एवढं पुरे.

विकत घेताना कोअर, म्हणजे आतला गाभा, कशाचा आहे ते नक्की विचारा. शीथ पॉलिस्टरची आणि कोअर नायलॉनचा असे दोरही मिळतात, आणि दोर किती ताणतो ते मुख्यतः कोअरवर ठरतं.

मी पुन्हा घेतला तर पॉलिस्टरच घेईन बहुधा. अँकरपाशी स्वतःला अडकवायला मात्र डायनॅमिक, म्हणजे ताणून हिसका झेलणाऱ्या, दोराचाच काऊटेल (हार्नेसला बांधलेला छोटा तुकडा) ठेवतो.