टीएमसी२२०९ सांगून टीएमसी२२०८ विकले: मोटर ड्रायव्हर घेताना झालेली फसवणूक

विद्यार्थ्यांकडून चार सांध्यांचा रोबोटिक हात बनवून घेण्यासाठी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून टीएमसी२२०९ या स्टेपर मोटर ड्रायव्हरची (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर चालवणाऱ्या चिपची) चार मोड्यूल्स मागवली. किंमत कमी करतो म्हणून त्याने पैसे यूपीआयने थेट मागितले आणि मी ते पाठवले.

२२०९ हवा होता, कारण त्यात एकाच यूएआरटी तारेवर (चिपला आज्ञा पाठवण्याच्या आणि तिचे उत्तर वाचण्याच्या तारेवर) ० ते ३ अशा वेगवेगळ्या पत्त्यांचे चार ड्रायव्हर चालतात आणि मोटर अडल्याचे ओळखणाऱ्या स्टॉलगार्ड या सोयीमुळे सांधा टोकाला अडल्याचे लिमिट स्विचशिवाय (टोकाला दाबला जाणाऱ्या बटणाशिवाय) समजते. टीएमसीस्टेपर या लायब्ररीने (अशा चिपसाठीच्या तयार कोडने) प्रोग्रॅम लिहिला, तर १, २ आणि ३ या पत्त्यांवरून उत्तरच येईना. पत्ता ० वर करंट कमी केला, तेव्हा एक सांधा सैल पडण्याऐवजी चारही मोटरी एकदम सैल पडल्या आणि हात टेबलावर आदळला.

विक्रेता प्रत्येक वेळी म्हणायचा, "सर, माल ओरिजिनल आहे, तुमचा कोड तपासा." मी त्याच्यावर विश्वास ठेवला, एक किलोओहमचा रोध बदलला, बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) बदलून पाहिले, सोल्डरिंग पुन्हा केले, आणि विद्यार्थ्यांनाही तुमची वायरिंग चुकली असे सुनावले, याचे मला आजही वाईट वाटते. या खटाटोपात तीन आठवडे गेले आणि माल परत करण्याची सात दिवसांची मुदत केव्हाच संपली.

शेवटी मोड्यूल्स सुटी करून एकेकाला लायब्ररीतले व्हर्जन हे, चिपचा आवृत्ती-आकडा वाचणारे, फंक्शन चालवले. २२०९ असेल तर षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत २१ हा आकडा येतो. माझ्या चारही मोड्यूल्सनी २० दिला, म्हणजे ते २२०८ होते. २२०८ मध्ये स्टॉलगार्ड नाही आणि त्याचा पत्ता कायम ० असतो, त्यामुळे चौघे एकाच हाकेला ओ देत होते. भिंगातून पाहिले, तेव्हा चिपच्या पाठीवर घासल्याच्या बारीक समांतर रेघा होत्या आणि २२०९ हे आकडे त्या रेघांच्या वर छापलेले होते.

हे फोटो आणि आकडा पाठवताच विक्रेत्याने माझा नंबर ब्लॉक केला. पैसे संकेतस्थळाबाहेर दिल्यामुळे संकेतस्थळानेही हात वर केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. नवे ड्रायव्हर आता अधिकृत वितरकाकडून घेतले असून, पार्सल उघडल्यावर मोटर जोडण्यापूर्वी प्रत्येकाचा व्हर्जन आकडा वाचून तो बिलावर लिहून ठेवला आहे.